गुरुवारचा पाळणा

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका प्रश्नावरून उभे दोन तट पडले. प्रश्न असा की, अकरा महिन्यांच्या मुलीला अप्पूघर दाखवायला न्यावे की नेऊ नये. मुलगी माझ्या भाच्याची. म्हणजे ताईची नात आणि आमच्या अण्णांची पणती. बारशाला तिचे नाव चांगले संस्कृतप्रचुर ठेवले आहे, आणि ते शोधण्यात मराठीचा प्राध्यापक म्हणून माझाही हात आहे. पण ते शाळेच्या दाखल्यासाठी राखून ठेवून घरात सारे तिला छकुली म्हणतात.

न्यावे असे म्हणणारा एकटा भाचा. नेऊ नये असे म्हणणारी बाकीची सारी मंडळी, आणि त्यांत ताई आघाडीवर. "अरे, तिला काय कळतंय? ती अजून पंख्याला देव समजून हात जोडते. मोठी झाली की ने खुशाल!" भाचेसुनेला धुळीची काळजी. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, हरकत नाही, पण पाऊस पुरता जाऊ दे. मी सवयीप्रमाणे शास्त्राधार काढला. म्हटले, "मानसशास्त्र असं सांगतं की, तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला मोठेपणी सहसा काही आठवत नाही. तेव्हा तू हिला अप्पूघर दाखवलंस काय आणि अप्पा बळवंत चौक दाखवलास काय, हिशेब एकच!"

मंडळी हसली. अण्णा खिडकीशी वर्तमानपत्र वाचीत बसले होते, ते तेवढे हसले नाहीत. पण अण्णा हसले नाहीत याची दखल आमच्या घरात कोणी घेत नाही.

भाच्याने सर्वांचे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हणाला, "मामा, ती मोठी झाली की गुरुवारी तिला शाळा असणार."

या वाक्याची मेख आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना चटकन कळायची नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि अलीकडे चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात पुष्कळांचा रविवार गुरुवारी येतो. कारण विजेचे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू, असे झाले तर विजेचा भार पेलत नाही. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार सुट्टीसाठी वाटून देण्याची पद्धत पडली. त्या वाटणीत आमच्या वाट्याला गुरुवार आला. सगळ्याच कारखान्यांचे असे आहे असे नाही. कित्येकांना रीतसर रविवार आहे. पण ज्यांना गुरुवार आहे, त्यांच्या घरचे चित्र ठरलेले. रविवारी बाप डबा घेऊन निघतो तेव्हा पोरे अंथरुणात असतात, आणि गुरुवारी पोरे दप्तर घेऊन निघतात तेव्हा बाप अंथरुणात असतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत आली, मग एकामागून एक मोटारींचे कारखाने आले, त्यांच्यामागून त्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान शेडे आली, १९८२ साली गावांची महानगरपालिका झाली. हे सगळे इतिहासात लिहिले जाते. गुरुवारचे कोणी लिहीत नाही.

कोणी लिहीत नाही म्हणून मीच तीन वर्षांपूर्वी लिहिले होते. मी स्वतः असल्याच गुरुवारच्या घरात वाढलो. अण्णा पिंपरीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपते, ती त्या यंत्रामुळे. तर त्या लेखात मी लहानपणचे ते कोरडे रविवार रंगवले होते, आणि एक वाक्य असे टाकले होते की, वडिलांनी मला कधी जत्रेत नेले नाही, कधी पाळण्यात बसवले नाही. एका दिवाळी अंकात तो लेख आला आणि बऱ्यापैकी गाजला. ओळखीच्यांचे फोन आले. एका बाईंनी तर डोळ्यांत पाणी आले म्हणून कळवले. अण्णांनीही तो वाचला. अंक मिटून माझ्या हातात देत म्हणाले, "छान आहे. कागद चांगला वापरलाय."

असो. भाचा चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे आणि मोशीला राहतो. त्याच्या एका वाक्याने ताईचा पक्ष ढासळला. मला एकदम वॉल्ट डिस्ने आठवला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना चक्रीवरच्या घोड्यांवर बसवायला नेई आणि स्वतः बाकावर बसून राही. त्यांच्या घरी शनिवार हा बापाचा वार होता. बसल्याबसल्या त्याच्या मनात आले, मुले घोड्यावर आणि आईबाप बाकावर, असे का असावे? दोघांनाही मौज वाटेल अशी जागा का नसावी? त्यातून पुढे १९५५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. म्हणजे जगातल्या त्या सर्वांत नावाजलेल्या बागेचा उगमही एका बापाच्या सुट्टीच्या वारातच आहे. मी हे भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "त्याला शनिवार होता, मामा. शाळा नव्हती."

आता कोठे जायचे? खोपोलीजवळ इमॅजिका आहे, २०१३ पासूनची, आणि तेथे म्हणे डोळे दिपतात. पण तिथे जायला सबंध दिवस मोडतो, आणि आमच्या बापाची बुधवारी रात्रपाळी. मोठे पाळणे उंची मोजून बसू देतात. आमच्या पाहुणीला अजून धड उभेच राहता येत नाही, तर उंची कशाची मोजायची? तेव्हा निगडीचे अप्पूघरच नक्की झाले. दुर्गा टेकडीच्या पायथ्याशी, घरापासून जवळ, छकुली रडली तर अर्ध्या तासात परत.

गुरुवारी माझे तास बाराला संपतात. घरी आलो तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, काठी घेऊन, जोडे चढवून दारात उभे! वय अठ्ठ्याहत्तर. "अण्णा, तुम्ही कुठे निघालात?" तर म्हणाले, "चला की. मला काय तिथं तिकीट नाही मिळायचं?"

मोशीहून स्पाईन रस्त्याने भाच्याचे बिऱ्हाड आले. बिऱ्हाडच म्हणायला हवे. माणसे तीन, त्यांतले एक अकरा महिन्यांचे, आणि पिशव्या चार. मऊ भाताचा डबा, उकळून गार केलेले पाणी, दुपटी, झबली, टोपडे, झबल्यावर झबले, पाऊस आला तर छत्री, ऊन लागले तर टोपी, आणि दृष्ट लागली तर ताईने पुडीत बांधून दिलेले मीठमोहऱ्या. भाचा सकाळी सातला पाळी सुटून आला होता आणि जेमतेम तीन तास झोपला होता. डोळे तांबारलेले, पण भांग नीट पाडलेला.

दाराशी अप्पूची आठवण काढल्यावाचून मला राहवेना. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्यांचे बोधचिन्ह म्हणजे हा अप्पू हत्ती. माझ्या पिढीला तो आठवत असेल; वह्यांवर, डब्यांवर, जिकडेतिकडे तो नाचत होता. त्याच्या नावाने दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८४ च्या नोव्हेंबरात अप्पूघर उघडले. ते २००८ साली बंद पडले. मुंबईकरांचे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झाले, तेही २०२२ ला मिटले. आमच्या निगडीने मात्र हत्तीचे नाव राखले आहे. आता खरी गोष्ट अशी की, अप्पू हा नुसता चित्रातला नव्हता. केरळात कुट्टिनारायणन् नावाचे हत्तीचे एक पिल्लू होते, तेच हे. साडेसात वर्षांचे असताना ते एका मैल्याच्या टाकीत पडले, पाय मोडला, तो कधी पुरता बरा झाला नाही, आणि २००५ साली ते गेले. हे मी भाचेसुनेला सांगू लागलो तेव्हा तिने छकुलीचे कान झाकले आणि म्हणाली, "मामा, आत गेल्यावर नका ना असलं सांगू." मी वर्गातून आलेलो, मला भान राहत नाही.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटे छकुलीने काहीच केले नाही. बापाच्या खांद्यावरून ती सर्वांकडे अशा चेहऱ्याने पाहत होती की, एखादा सरकारी साहेब तपासणीला आला आहे. झुकझुक गाडीत आईच्या मांडीवर बसून एक फेरी झाली. तेथेही तोच चेहरा. समोरच्या डब्यातल्या एका मुलाच्या हातातल्या फुग्याकडे तिने एकदा हात केला, इतकेच. ताई फोनवरून दर दहा मिनिटांनी विचारत होती, "हसली का?" अजून नाही, असे आम्ही कळवत होतो. निवडणुकीच्या मतमोजणीसारखे चालले होते.

मग घोड्यांची चक्री. पांढरा, सोनेरी आयाळीचा एक घोडा भाच्याने निवडला, छकुलीला त्यावर बसवले आणि दोन्ही हातांनी कंबरेला धरून तो बाजूला उभा राहिला. चक्री सुरू झाली. घोडा वर गेला, खाली आला. छकुलीने श्वास रोखला. दुसऱ्या फेरीला ती आमच्या समोरून गेली तेव्हा तिचा खालचा ओठ जरासा सुटला होता. हसू येणार की रडू, काही सांगता येत नव्हते. आणि नेमका त्याच वेळी मी मोबाईल उगारून ओरडलो, "अरे, एक हात सोड! तुझा हात येतोय फोटोत!"

भाच्याने एक हात सोडला. सोडला म्हणजे अर्धा क्षण. घोडा खाली आला, छकुली एका बाजूला कलली, बापाने धरली. पण तेवढ्यात तिने जो हंबरडा फोडला तो दुर्गा टेकडीवर ऐकू गेला असेल. तिला खाजगी दुःख माहीत नाही. जे असते ते जाहीर. चक्री फिरतच होती. भाचा तिला छातीशी घेऊन फिरत्या फळीवर उभा, आणि आजूबाजूला वेड्यासारखे काहीतरी शोधतो आहे. चक्री चालवणाऱ्या मुलाने आमचे चेहरे पाहिले आणि वेळेआधीच गती मंद केली. त्याचे मी उपकार मानले. चूक सर्वस्वी माझी होती. अशा फोटोंत बापाचा हात दिसू नये असे मला का वाटले, कोण जाणे.

खाली उतरल्यावर भाचा म्हणाला, "मी लाल बटण शोधत होतो. आमच्या लाईनवर प्रत्येक मशीनला असतं. काही झालं की थाडकन दाबायचं, सगळं जागच्या जागी थांबतं."

"आमच्या वेळी नव्हतं ते," अण्णा म्हणाले.

एवढेच म्हणाले. आणि हात पुढे करून त्यांनी छकुलीला मागून घेतले. अकरा महिन्यांचे मूल एरवी आईबापाखेरीज कोणाकडे जात नाही. या वयात परका चेहरा दिसला की मुले बावरतात. छकुलीही अण्णांकडे सहसा जात नाही. पण त्या दिवशी गेली. हुंदके देत देत तिने त्यांचा उजवा हात धरला, आणि तिला ती अर्धी तर्जनी सापडली. तिच्या मुठीत ती बरोबर मावते. बाकीची बोटे तिला लांब पडतात. तिने ते बोट मुठीत धरले, उलटसुलट करून पाहिले आणि तोंडात घातले. भाचेसून "अगं, अगं" करीत पुढे झाली. अण्णा म्हणाले, "राहू दे. धुतलेलं आहे."

छकुलीला घेऊन अण्णा मोठ्या पाळण्यासमोरच्या बाकावर जाऊन बसले. त्यात तान्ह्या मुलांना घेत नाहीत, तेव्हा खालूनच पाहायचे. भाचा शेजारच्या बाकावर टेकला आणि टेकल्याटेकल्या झोपला; मान मागे, तोंड उघडे. भाचेसुनेने त्याच्या तोंडावर दुपट्याची सावली केली.

माझ्या डोक्यात आपले भाषेचे किडे. हे एवढे अजस्र लोखंडी चाक, त्याला आपण पाळणा म्हणतो! बारशाला बाळ ज्यात घालतात तोही पाळणा, त्या वेळी बायका जे गाणे म्हणतात तोही पाळणा, आणि जत्रेत जो माणसांना आभाळात नेतो तोही पाळणाच. इंग्रजीत या यंत्राला ते बांधणाऱ्या इंजिनिअरचे नाव आहे. फेरिस हा मूळचा पुलांच्या कामातला माणूस. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले. त्याला ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसे. आमच्यासारख्या इंजिनिअरांच्या गावाने खरे तर त्याचेच नाव उचलायचे. पण जत्रेतल्या मराठी माणसाला ते चाक दिसले तेव्हा त्याला विहिरीवरचा रहाट आठवला आणि घरातले तान्हे मूल आठवले, आणि त्याने त्याला रहाटपाळणा म्हटले. हे सगळे मी अण्णांना सांगितले. अण्णा ऐकत होते की नाही कळले नाही. पाळणा फिरत होता आणि छकुली, बोट तोंडात तसेच ठेवून, मान वर करकरून त्याच्याबरोबर डोळे फिरवीत होती. वर, पलीकडे, खाली, पुन्हा वर.

मग अण्णा म्हणाले, "तू असाच बघत होतास. पण आतून."

"कुठं?"

"चतुःशृंगीला. नवरात्रात. एक्क्याऐंशी साल. सात महिन्यांचा होतास. लोकलनं शिवाजीनगरला उतरलो. लाकडी पाळणा होता, दोन माणसं हातानं फिरवायची. मी तुला पंच्यात गुंडाळून छातीशी बांधलं आणि बसलो. तुझी आई खाली उभी राहून ओरडत होती, उतरा म्हणून. आता चालत्या पाळण्यातनं कुठनं उतरू?"

मी म्हटले, "ताईला कसं माहीत नाही?"

"तिला शाळा होती. गुरुवार होता."

आई जाऊन नऊ वर्षे झाली. म्हणजे ही गोष्ट जगात आता एकट्या अण्णांनाच ठाऊक होती. आणि मी तीन वर्षांपूर्वी हजारो वाचकांना तिच्या बरोबर उलट सांगून बसलो होतो. "अण्णा, तो माझा लेख तुम्ही वाचलात. तेव्हा का नाही बोललात?"

अण्णांनी छकुलीची टोपी सारखी केली. "तुला आठवत नाही असं तू लिहिलंस. ते खरंच होतं की. तुला कुठनं आठवणार?"

मी तसे लिहिले नव्हते. ‘आठवत नाही’ आणि ‘नेले नाही’ यांतला फरक मी पंचवीस वर्षे मुलांना शिकवतो आहे. अण्णांनी वाचताना माझे वाक्य परस्पर सुधारून घेतले होते. पुढे मला विचारावेसे पुष्कळ वाटत होते. मी रडलो का, हसलो का, तिकीट किती होते, आई मग बोलली का. पण त्यांतले एकच विचारले. "मी घाबरलो का हो?"

"तू झोपलास," अण्णा म्हणाले. "वर गेल्यावर वारं लागलं आणि झोपलास. मीच घाबरलो."

तेव्हा ज्या वाचकांनी तो जुना लेख वाचला असेल त्यांनी त्यातले ते वाक्य कृपा करून खोडावे. मला १९८१ च्या नवरात्रात, एका गुरुवारी, चतुःशृंगीच्या जत्रेत पाळण्यात बसवले होते.

चारच्या सुमारास भाचा दचकून जागा झाला. किती वाजले, छकुली कुठे आहे, हसली का, असे तीन प्रश्न त्याने एका दमात विचारले. छकुली हसली नव्हती. ती बोट धरून, भात खाऊन, अण्णांच्या मांडीवर पेंगत होती. भाच्याचा चेहरा जरा उतरला. पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊ, असे तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, पुढच्या गुरुवारी ओव्हरटाईम आहे, त्याच्या पुढच्या. फोटोंत पाहण्यासारखा एकही नव्हता. एकात नुसता घोडा आला आहे आणि एकात भाच्याचा हात.

निघताना दाराशी अण्णा थांबले आणि भाच्याला म्हणाले, "हिचं तिकीट कुठाय?"

"तिला तिकीट नव्हतं, अण्णा. लहान म्हणून सोडलं."

"मग तुझं दे."

भाच्याने खिशातून चुरगळलेले तिकीट काढले. अण्णांनी ते काठीच्या मुठीवर ठेवून सरळ केले आणि माझ्याकडे पेन मागितले. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत छकुलीचे ते बारशाचे सबंध नाव लिहिले. त्याखाली तारीख घातली, आणि तारखेपुढे वार.